मल्हाररावांनी झाडांचे पाय धुतले

घटकाभर डोळे मिटा आणि लहान व्हा. मुंगीएवढे नाही, तिच्याहूनही पुष्कळ लहान. इतके लहान, की मातीचे एक ढेकूळ तुम्हाला डोंगराएवढे वाटावे आणि त्यातल्या भेगा म्हणजे बोगदे. आता त्या बोगद्यांतून चालू लागा. अंधार आहे, ओल आहे. वाटेत एक जाडजूड पांढरा खांब आडवा आलाय ना? ते डाळिंबाच्या झाडाचे कोवळे मूळ.

तेवढ्यात शेजारून काहीतरी सळसळत जाते. दोऱ्यासारखे लांब आणि काचेसारखे आरपार. त्याला डोळे नाहीत, पाय नाहीत, पण तोंडात सुईसारखा एक काटा आहे. ते मुळाच्या टोकाशी थांबते, काटा टोचते, टोचतच राहते आणि आत शिरते. एकदा आत गेले की तिथेच ठाण मांडते. झाडाचा रस पिऊन ते फुगत जाते आणि त्याच्याभोवती मूळही सुजते. मग ते शेकडो अंडी घालते. अंडी फुटली की पिल्ले निघाली पुढच्या मुळाकडे. हे सूत्रकृमी.

आता डोळे उघडा, मोठे व्हा आणि वर या. वर बिडकीनच्या अलीकडचा एक खडकाळ तुकडा आहे. दुपारचे ऊन आहे. ठिबकच्या नळीतून बुडाशी पाणी टपकते आहे, तरी झाडाची पाने तहानेने मान टाकून लोंबताहेत. झाडासमोर एक म्हातारा उभा आहे आणि त्याच्या शेजारी सहावीतली एक मुलगी. खाली काय चालले आहे ते तुम्ही पाहून आलात. त्या दोघांना मात्र त्यातले काहीच ठाऊक नाही.

म्हाताऱ्याचे नाव मल्हारराव. मुलगी त्यांची नात, योगिनी.

मल्हाररावांचे सारे आयुष्य मेंढरांमागे गेले. पुढे चराईचे माळ कुंपणांच्या आत गेले, मग गुडघेही गेले. तेव्हा कळप विकून त्यांनी घरच्या तुकड्यात डाळिंब लावले. कळप सुटला, पण राखायची सवय सुटली नाही. त्यांनी झाडे कधी मोजली नाहीत. एकेकीला तोंडावरून ओळखायचे. ही भुरी, ती काळतोंडी, बांधाकडे रेललेली ती शिंगाडी. सकाळी बागेत शिरले की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळ्यांची विचारपूस व्हायची, आणि योगिनी त्यांच्या मागे मागे.

"योगे, ही बघ," त्या दुपारी ते म्हणाले. "कळपात आजारी मेंढरू आधी मान टाकतंय. हे बी तसंच हाय."

"पाणी तर चालूये, आबा."

"मग अजून सोड."

बांधापलीकडून कारभारी बघत होते. त्यांची जमीन मोठी, तोंड त्याहून मोठे. "काय मल्हारराव," ते ओरडले, "झाडांना पाणी पाजताय का पोहायला शिकवताय?"

"तुमच्या म्हशींचं शिकून झालं का कारभारी? मग ह्यांचा नंबर."

कारभारी खो खो हसले. मल्हारराव हसले नाहीत. योगिनीने त्यांच्या हाताकडे पाहिले. त्यांनी एक फांदी धरली होती आणि ती ते सोडतच नव्हते.

कारण तिला माहीत होते. तिचे वडील अंगद शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते. रोज मोटारसायकलवरून जायचे, यायचे, आणि आले की आधी बागेकडे बघायचे. आठवड्यापूर्वी जेवताना ते म्हणाले होते, "आबा, ह्या वेळी बहार धरला नाय, तर बाग काढून टाकू. मी शहरात, मुकुंदवाडीत खोली बघतो. समदे तिकडंच राहू."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला होता. "अन् मी तिथं काय राखू?"

आई भाकरी थापायची थांबली होती.

काळतोंडी सगळ्यांत आधी गेली. मल्हाररावांनी तिला उपटले तेव्हा ती सहज वर आली, धरून ठेवायला खाली कुणी नसल्यासारखी. योगिनीने मुळांवरची माती झटकली. मुळांवर गाठीच गाठी होत्या, बारीक मण्यांसारख्या, एकीला लागून एक.

"गोचीड हाय," आबा म्हणाले आणि खाली बसले. मेंढराच्या लोकरीतून गोचीड काढावी तशी त्यांनी एक गाठ नखात धरून ओढली. ती निघेना. जोर केला तेव्हा मूळच तुटले. त्यांनी दुसरी ओढली, तिसरी ओढली. प्रत्येक वेळी तेच.

"आबा, राहू द्या," योगिनी म्हणाली. "ते मुळाचंच हाय."

त्या रविवारी कारभारींची मुलगी प्रेरणा घरी आली होती. ती शहरात एका प्रयोगशाळेत काम करायची. पिकांना उपयोगी पडणाऱ्या बुरशा आणि जिवाणू वाढवायचे, हे तिचे काम. योगिनी ते मूळ पिशवीत घालून तिच्याकडे गेली. प्रेरणाने ते हातात घेतले मात्र, आणि ती पायात चप्पल न घालताच बागेत आली.

"आबा, आत जंत आहेत," ती म्हणाली. "जमिनीतले. डोळ्याला दिसत नाहीत."

"जंत? झाडाला?" मल्हाररावांनी तिच्याकडे असे पाहिले, जणू पोरगी बापावर गेली आणि थट्टा करू लागली.

म्हणून दुसऱ्या दिवशी प्रेरणाने दोघांना शहरात नेले. सूक्ष्मदर्शकाखाली एक काचेची बशी ठेवली आणि म्हणाली, "बघा." मल्हाररावांनी पटका मागे सरकवला, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"काळं कुट्ट हाय की समदं."

"आबा, तुम्ही दोन्ही डोळे मिटलेत!" योगिनी म्हणाली.

त्यांनी एक डोळा उघडला, आणि खुर्ची मागे सरकली. "आरं तिच्या! वळवळायलंय!" पुन्हा वाकून पाहिले. मग हळूच म्हणाले, "एवढुशा ह्यानं माझी काळतोंडी खाल्ली व्हय?"

प्रेरणाने दुसरी बशी ठेवली. तिच्यात त्याच जंतांची अंडी होती, पण त्यांच्यावर बारीक धागे पसरले होते. काही अंडी आतून रिकामी, फुटक्या फुग्यासारखी. "ही एक बुरशी आहे," प्रेरणाने सांगितले. "मातीतच राहते. तिला दात नाहीत. ती अंड्यावर बसते आणि अंगातून एक रस सोडते. त्या रसानं अंड्याचं कवच विरघळतं. मग आतलं सगळं ती खाते."

"नुसत्या रसानं?"

"आबा, तुम्ही मेंढरांना जंतासाठी सुई टोचून घ्यायचात ना, कातडीखाली? ते औषधही मुळात मातीतल्या एका जिवाणूनंच तयार केलेलं. तिकडं जपानात मूठभर मातीत सापडला होता तो. आपण फक्त त्याच्याकडून शिकून घेतलं."

परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून मल्हारराव मध्येच म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं माती अंगावर घेऊन हिंडलो, अन् औषध तिच्यातच." त्या दिवशी योगिनीला वाटले, आता सगळे ठीक होणार.

प्रेरणाने बुरशीच्या पुड्या दिल्या आणि चार गोष्टी बजावल्या. "हे जिवंत आहे, आबा. कोंबडीचं पिल्लू समजा. ऊन लागू द्यायचं नाही, कोरडं पडू द्यायचं नाही. आणि हे घातल्यावर झाडाला दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही. धीर धरा. अंडी संपतील तशी नवी मुळं फुटतील, पण वेळ लागेल."

ते पिल्लू सांभाळायचे काम योगिनीकडे आले. लिंबाच्या सावलीत कुजलेल्या शेणखताचा ढीग केला, त्यात पुड्या कालवल्या, वरून ओले गोणपाट टाकले. शाळेतून आली की दप्तर टाकायचे आणि ढीग खालीवर करून पाणी शिंपडायचे. काही दिवसांनी गोणपाट उचलले तर खतावर फिकट जांभळी लव आली होती. वांग्याच्या फुलाला दुधात बुडवून काढावे, तसा रंग. ती धावत जाऊन आबांना घेऊन आली. दोघांनी मिळून ते खत एकेका झाडाच्या बुडाशी घातले आणि पाचटाने झाकले.

आणि मग काहीच झाले नाही.

मुलांनो, जमिनीखाली काम चालू असते तेव्हा वर काही दिसत नाही, हे सांगायला सोपे आहे. तिथे रोज उभे राहून झाडे वाळताना बघणे सोपे नाही. भुरी गेली. तिच्या शेजारची दोन गेली. जी झाडे दुपारी मान टाकायची, ती आता सकाळीच टाकू लागली. आबा झाडांना नावाने हाक मारीनासे झाले. आई बांधावर डबा ठेवून यायची आणि संध्याकाळी तो तसाच परत आणायची.

"प्रेरणाताई म्हणली वेळ लागतो," योगिनी रोज सांगायची. आधी ते "व्हय" म्हणायचे. मग नुसती मान हलवायचे. मग तेही बंद झाले.

एके दिवशी अंगद म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलंय, आबा. ह्याच्यापुढं थांबण्यात अर्थ नाय." ते रागाने बोलले नव्हते. राग असता तर बरे झाले असते, कारण रागाशी भांडता येते.

शनिवारी शाळा सकाळची. योगिनी दुपारी घरी आली ती नेहमीसारखी सरळ बागेत गेली, आणि पहिल्या ओळीशीच थबकली. झाडाच्या बुडाशी पाणी साचले होते. ते निळे होते. आकाशाचे प्रतिबिंब पडल्यासारखे नव्हे, गडद, औषधाच्या बाटलीसारखे निळे. दुसऱ्या झाडाखाली तसेच. तिसऱ्याखालीही. पाचट बाजूला सारलेले, खत भिजून निळे झालेले.

मल्हारराव बागेच्या मध्यावर खाली बसले होते. धोतर ओले, कोपरापर्यंत हात निळे. घमेले शेजारी पडले होते. तिला बघताच ते हसले. कितीतरी दिवसांनी.

"योगे, सापडलं! काल एक मूळ उकरलं, तर काळं पडलेलं, अन् वास कसला म्हाईते? मेंढराचं खूर कुजल्यावर येतो ना, तोच. डिट्टो तोच! ह्यांचे पाय कुजलेत पोरी. एकदा पावसाळ्यात माझा निम्मा कळप लंगडा झाल्ता. मोरचुदाच्या पाण्यातून चालवला एकेकाला, अन् समदा उभा राहिला. बिडकीनवरून मोरचूद आणला सकाळीच."

मोरचूद म्हणजे निळा खडा, तांब्याचा क्षार. धनगर तो पाण्यात विरघळवतात आणि खूर कुजलेल्या मेंढरांना त्या पाण्यात उभे करतात. खूर सडवणारे जंतू त्यात मरतात, म्हणून खूर बरा होतो. पण मोरचुदाला आपला आणि परका कळत नाही. बुरशी दिसली की ती मारायची, एवढेच त्याला येते.

योगिनी भिजलेल्या खताकडे बघत राहिली. "आबा... ताईनं सांगितलं होतं. दुसरं औषध टाकायचं नाय म्हणून."

"औषध कुठं टाकलं मी?" मल्हारराव खरोखर गोंधळले. "पाय धुतले फकस्त."

त्यांच्या लेखी ते खरेच होते. औषध म्हणजे बाटलीतले, सुईतले. मोरचूद म्हणजे धुणे. जन्मभर ते तसेच म्हणत आले होते. योगिनी त्यांच्या शेजारी बसली, तिने त्यांचा निळा हात धरला. मग ती उठली आणि घरात जाऊन आईच्या मोबाइलवरून प्रेरणाला फोन लावला.

घडले ते सगळे तिने एका दमात सांगितले.

"सगळ्या झाडांना?" प्रेरणाने विचारले.

"बघितलं तितकं समदं निळंच हाय."

"बुरशी गेली, योगिनी. मुळंही पोळली असतील." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आत्ता साधं पाणी सोड. ज्यात बुरशी नाही ते जुनं शेणखत घाला बुडाशी, ते थोडं तांबं धरून ठेवतं."

"नवी पुडी दे ना, ताई. मी येते न्यायला."

"माझ्याकडंच नाहीये गं. नवी वाढवायची म्हणजे कितीतरी दिवस जातात. तोवर झाडं..." ती थांबली. "एखादं झाड सुटलंय का बघ. जिथं हे पाणी पोचलं नसेल. तिथली बुरशी जगली असेल तर तिच्यापासून वाढवता येईल. नक्की सांगत नाही. शेतातलं खत आहे, त्यात दुसऱ्याही बुरशा मिसळलेल्या असतात. पण बघ."

योगिनीने मागे वळून पाहिले तर दारात नुकतेच कामावरून आलेले वडील उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. ते तडक बागेत गेले आणि ती त्यांच्या मागे पळाली.

"आबा." अंगद मल्हाररावांसमोर उभे राहिले. "ती बुरशी जित्ती होती. पोरीनं वाढवलेली. मारून टाकली तुम्ही मोरचुदानं."

मल्हाररावांनी नातीकडे पाहिले. खोटे असेल तर ती सांगेल, अशा आशेने पाहिले. योगिनीने मान खाली घातली.

त्यांचे हसू एकदम गेले नाही. आधी ते डोळ्यांतून गेले आणि तोंडावर तसेच राहिले, मग तिथूनही उतरले. त्यांनी आपले निळे हात उलटसुलट करून बघितले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"म्हंजी मीच," ते म्हणाले.

अंगदांना आता आपल्याच बोलण्याचा पश्चात्ताप झाला. "तसं नाय, आबा. झाडं तशी बी जाणारच होती..."

"बोलाव ट्रॅक्टर."

"आबा..."

"बोलाव म्हणलं ना! डोळ्यांदेखत कुजत ठिवू नको. आजारी मेंढराला बी आपण असं ठिवत नव्हतो." आणि त्यांनी बागेकडे पाठ केली. गुडघ्यांमुळे उठता येईना, म्हणून बसल्या बसल्याच सरकून वळले.

अंगद बांधाकडे गेले. "व्हय, उद्या सकाळी," ते फोनवर सांगत होते. "नाय, समदीच काढायचीयेत."

योगिनीला रडू येत होते, पण प्रेरणाताईचे "पण बघ" कानात राहिले होते. तिने विहिरीवरचा पंप चालू केला आणि ओळी बघत निघाली. निळे, निळे, पुन्हा निळे. काही झाडांची खालची पाने कडेने करपूही लागली होती. ती खालची माती बघत चालत राहिली. बागेच्या टोकाशी, बांधाला लागून असलेल्या ओळीत, एक बादली आडवी पडली होती. तिच्यातले पाणी वाटेतच सांडले होते. इथपर्यंत येऊन आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला असावा आणि ते मागे फिरले असावेत. सांडलेल्या निळ्या पाण्याचा ओघळ उताराने खाली गेला होता. वरच्या अंगाला तीन झाडे उरली होती. त्यांच्या बुडाशी पाचट जागच्या जागी होते.

ती गुडघ्यांवर बसली आणि पाचट उचलणार, एवढ्यात तिला आपली बोटे दिसली. आबांचा हात धरला होता तेव्हाचा निळा डाग. ती झटकन मागे सरली. ठिबकच्या नळीखाली हात धरून, मातीने घासून, बोटे लाल होईपर्यंत तिने धुतले. मग पाचट उचलले.

खताच्या ढेकळाखाली, मुळाला चिकटून, फिकट जांभळी लव होती. तळहाताएवढी. शेजारी पांढरी आणि हिरवट बुरशीही दिसत होती. यातली कामाची किती आणि बिनकामाची किती, हे तिला ओळखता येत नव्हते. मूळ काळे होते. त्याला नवा कोंब वगैरे काही नव्हता.

बादली निळी. घमेले निळे. दुसरे काही हाताशी नव्हते. पाठीवरचे दप्तर तिने अजून काढलेलेच नव्हते. तिने ते उपडे केले. वह्या, कंपास, डबा सगळे बांधावर पडले. मग ओंजळीओंजळीने ते जांभळे खत तिने दप्तरात भरले, दुसऱ्या झाडाखालचे भरले, तिसऱ्याखालचेही भरले आणि दप्तर छातीशी धरून लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवले. वर ओले गोणपाट टाकले.

परत येऊन तिने आबांच्या शेजारचे घमेले उचलले आणि त्यांच्यासमोर ठेवले. ते बागेकडे पाठ करून तसेच बसलेले.

"आबा, हे घासून द्या. राखेनं. एक थेंब निळा राहता कामा नये. मला खत कालवायचंय."

त्यांनी वर पाहिले नाही. बांधावर वडिलांना ट्रॅक्टरवाल्याचा पुन्हा फोन आला होता, किती वाजता येणार ते ठरत होते.

"माझ्यानं निघत नाय, आबा," ती म्हणाली, आणि घमेले त्यांच्या मांडीवर ठेवले. चुलीतली राख मूठभर आणून त्यात टाकली. मग ते हात उचलतात की नाही हे बघायला न थांबता ती बांधाकडे पळाली, आणि अंगदांच्या कानाशी लागलेला मोबाइल तिने दोन्ही हातांनी ओढून घेतला.

"काका," ती ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "उद्या नका येऊ."